देवीचा पंधरा इंची कौल

स्टेरिंग फिरंना.

टेंभुर्णीच्या अलीकडं हायवेवर वळायला मधी वाट सोडलीय बघा, तितं आमची पिकअप आडवी. माझ्या मांडीवर सात म्हयन्याची पोरगी, मागं डाळिंबाचं क्रेट गच्च भरल्यालं, आन पुण्याकडनं येणारा ट्रक माझ्याच बाजूनं, हॉर्न देत देत मोठा मोठा व्हत चाललेला. ह्यांनी दोन्ही हातांनी स्टेरिंग वढलं. अर्धं फिरलं आन थांबलं. खालनं कुणीतरी चाक कवटाळून बसल्यागत.

"वळवा की वो!"

"वळंना!"

"मग माघारी घ्या!"

"तू गप बस!"

गप बसून ट्रक थांबत असता तर मी जलमभर गप बसले असते. पोरगीला छातीशी धरलं आन डोळं झाकलं. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला त्याचा आवाज अजून माझ्या कानात हाय, डुक्कर मारल्यागत. डोळं उघडलं तर त्याचा बंपर माझ्या दारापास्नं हातभर. वरनं त्यो डायवर काय काय बोलला ते लिवत न्हाय. पण खरं सांगते, त्यातली एकबी शिवी मला चुकीची वाटली न्हाय.

ह्यांनी गाडी माघारी वढली. कर्रर्र करून मडगार्डाचा तुकडा रस्त्यावर पडला. ह्यांनी उतरून तुकडा उचलला, फुंकर मारली आन सीटमागं ठिवला. परत आत बसून पयलं वाक्य काय, तर "बघितलंस? नजर."

नजर न्हवं वो. चाक.

ह्ये चाकाचं कसं झालं ते सांगते, म्हंजी कळंल. आमची पिकअप चांगली हुती. पंधरा इंची साधी लोखंडी चाकं, बारीक टायर. माल भरायचा, मोंढ्यावर न्यायचा, रिकामी यायची. पण चौकात ह्यांचं दोस्त बसत्यात ना, त्यातल्या एकानं आपल्या गाडीला चकचकीत अलॉय चाकं घातली, त्याची रील काढली, खाली धूर, वर गाणं. तवापास्नं ह्यांना आमची चाकं बघवंनात. जेवताना मोबाईलवर चाकं. पोरगी रडतीय, मोबाईलवर चाकं. मला लगीन ठरताना एकदा बघाय आलं हुतं, तेबी मान खाली घालून. चाकं बघाय तीनदा सोलापूरला जाऊन आलं.

शेवटी आणली. सतरा इंची, रुंद, मडगार्डाच्या भाईर चार बोटं येणारी. गाडी लांबनं बघितली की बेडकानं पाय फाकवल्यागत दिसायची. हे म्हणलं, "लुक आला."

लुक आला म्हणून पूजा झाली. सासूला आमी आत्या म्हणतो. आत्यांनी चारी चाकांना ववाळलं, कुकू लावलं, पानसुपारी ठिवली. चाकाखाली लिंबू ठेवायचं असतंय. आमच्या आत्यांनी टायर मोठं म्हणून लिंबूबी मोठं आणलं. माझी पोरगी टायरवर बसवून फोटू काढला. ती रडाय लागली. एवढ्या माणसात तिला एकटीलाच कळलं हुतं, असं आता वाटतंय.

चार दिवसात घासायला लागलं. माल भरला आन वळण घेतलं की माझ्या पायाखाली खर्र खर्र. डाव्या बाजूला मीच बसते, मला पयल्यांदा ऐकू आलं. उतरून बघितलं तर मडगार्डाच्या आत काळं काळं रबराचं भुसकाट, खोडरबर घासल्यागत.

मी मशीनवर ब्लाउज शिवते. गावातल्या निम्म्या बाया माझ्याकडं येत्यात. मला येवढं कळतंय की मुंढा चौदाचा ठिवला आन बाही सतराची लावली तर हात वर करताना कापड टराटरा फाटतंय. मी मापपट्टी घिऊन गाडीपाशी गेले, जुनं चाक मोजलं, नवं चाक मोजलं, मडगार्ड मोजलं आन ह्यांना म्हणलं, "आवो, चाक आत मावंना. बाही मोठी झालीया."

ह्यांनी दोस्ताकडं बघितलं. दोस्त हासला. मग हेबी हासलं. "ब्लाउज हाय व्हय ग ही? गाडी हाय."

पंक्चर काढणारा चाचा तितंच बसलेला. म्हातारा माणूस, चाळीस वर्सं टायरच काढतुया. त्यो म्हणला, "मैं बोला था ना, नक्को करके. लोड की गाडी में नक्को." ह्यांनी त्याचं ऐकलं न्हाय, कारण चाचाच्या सायकलीला मडगार्डच न्हवतं.

आत्यांनी मातुर ऐकलं. घासतंय म्हणल्यावर आत्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणलं हुतं मी, येवढी चाकं दाखवत फिरू नगं. लागली नजर." मागच्या बंपरला जुनी चप्पल बांधली. घासायचं थांबंना म्हणून फुडं काळी भावली बांधली. तरीबी थांबंना, मग चप्पल एक हुती ती जोडी केली. चाक आपलं खर्र खर्र. आमच्या गाडीला एवढं लटकल्यालं की चौकातली पोरं म्हणायची, माल मागं हाय का फुडं?

आन मग त्यो दिवस, ट्रकचा. मंगळवार हुता. पोरगीला डोस द्यायचा, टेंभुर्णीला. वाटंत हायवेच्या पल्याड माल उतरायचा म्हणून त्या वळणावर गेलो. वळताना ब्रेक दाबला, मालाचं वजन फुडं आलं, गाडीचं तोंड खाली बसलं, चाक मडगार्डात आडाकलं. बास. एवढंच झालं. ह्यात देव न्हाय, नजर न्हाय, शेजारीण न्हाय.

डोस दिला. नर्सबाई म्हणली, फुडचा डोस चुकवू नका. मी म्हणलं, व्हय. आमच्या गावाला यष्टी दोनदा येती आन एकदा येत न्हाय. दुसरी गाडी न्हाय. म्हंजी फुडच्या डोसालाबी ह्याच गाडीत, ह्याच बाजूला, पोरगीला मांडीवर घिऊन बसायचं. ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत हुती. माघारी येताना मी लई हळू इच्यारलं, "जुनी चाकं लावता का वो आता?"

हे म्हणलं, "येडी हायस का. उद्या कटर आणतो, मडगार्डच कापून काढतो. मग कशाला घासतंय?"

बाही मोठी म्हणून अंगच कापायचं.

घरी पोचलो आन मला थरथर सुटली. वाटंत काय न्हाय, दारात पाय ठिवला आन सुटली. पोरगीला आत्यांच्या हातात दिलं, देव्हाऱ्यापुढं बसले, आन हात थांबनात, दात वाजाय लागलं, केस सुटलं, त्वांडातनं हूं हूं असा आवाज. भीती हुती वो. ट्रक डोळ्यापुढनं हलंना. मला पाणी पायजे हुतं, दुसरं काय बी नगं हुतं.

आत्यांनी बघितलं. मंगळवार. दिवा लावल्याला. सून केस सोडून घुमतीया.

"आली गं बया!" आत्या वरडल्या. "आई आली!"

पाणी आणायचं सोडून हळदीची वाटी आणली. कपाळ भरलं. गल्लीतल्या बाया तशाबी ट्रकचं ऐकून दारात जमल्याच हुत्या, त्या आत घुसल्या. एकीनं मांडीवर खण टाकला. एक जण घंटी वाजवाय लागली. मी सांगाय बघतीय की मला थंडी वाजतीया, पण दात वाजताना सांगायचं कसं? म्हणून मी थ थ थ करतीय, आन बाया म्हणत्यात, बघा, आई बोलाय लागली.

आत्यांनी हात जोडलं. ज्या बाईनं मला चार वर्सात एकदाबी "जेवलीस का" इच्यारलं न्हाय, तिनं माझ्या पायावर डोस्कं ठिवलं. "कोण हायस, आई? काय चुकलं लेकरांचं?"

आन माझ्या त्वांडातनं निघालं, "चाकं काढ!"

मी ठरवून म्हणलं न्हाय. आईशपथ. डोक्यात तीच हुती, तीच भाईर पडली. घंटी थांबली.

"चाकं काढ! लेकरू मरतंय! चाकं काढ!"

दारात हे उभं हुतं. चप्पल काढून आत आलं, लादीवर गुडघं टेकलं. दुपारी मला येडी म्हणलेला माणूस हात जोडून, मान खाली घालून माझ्या फुडं. आन इच्यारलं काय?

"आई... मग साइज कुटली घालू?"

मला त्या थरथरीत हासू आलं. ते हासू बघून बाया आजून भ्याल्या. मी डोळं वटारून म्हणलं, "पंधरा!"

"पंधराच? सोळा चालंल का, आई?"

देवीशीबी घासाघीस करतोय बघा! मी लादीवर हात आपटला. "पंधरा! जुनी! आजच!"

जुनी चाकं शेळ्यांच्या गोठ्यामागं पडलेली. एकात कोंबडी अंड्यावर बसली हुती. देवीचा हुकूम म्हणून कोंबडी उठवली, ती दोन दिवस आमच्यावर राग धरून हुती. दिवस मावळायच्या आत चाचाला बोलवलं. त्यानं जॅक लावला, चारी चाकं बदलली, नट आवळताना खिडकीतनं माझ्याकडं बघितलं. मी कपाळ भरून, केस सोडून चहा पीत हुते. चाचा हळूच म्हणला, "देवी को सब मालूम रहता, बेटी. नाप भी मालूम रहता."

दुसऱ्या दिवशी माल भरून हे जाऊन आलं. घासलं न्हाय. वळण एका दमात. आत्यांनी सगळ्या गल्लीला साखर वाटली. देवीचा कौल! मी मापपट्टीनं सांगितलं तवा कुणी गूळसुद्धा दिला न्हवता.

आता मला वाटलं, झालं, सुटले. पण सुटले न्हाय, हितनंच अडाकले.

फुडच्या मंगळवारी पयली बाई आली. म्हशीचं दूध आटलंय, आईला इच्यार. दुसरी आली, तिचा न्हवरा दुबईला जाऊ का म्हणतोय. मी म्हणते, आवो माझ्या अंगात काय येत न्हाय, तर आत्या माझ्या आधी बोलत्यात, "असंच म्हणती ती, आई लाजाळू हाय." घरात मला आता पयला घास मिळतो. हे मला "अगं" म्हणायचं, आता "आवो" म्हणत्यात. गाडी काढायच्या आधी इच्यारत्यात, "निघू का?" खोटं बोलत न्हाय, बरं वाटलं. चार वर्सं सुनपण काढल्यावर चार मंगळवार देवी व्हायला कुणाला बरं वाटणार न्हाय?

पण गेल्या मंगळवारी एक बाई पोरगं घिऊन आली. दीड वर्साचं. अंगात ताप भट्टीगत. तिनं ते पोरगं माझ्या मांडीवर ठिवलं आन म्हणली, "दोन दिवस झालं, डाक्टरकडं न्हेलं न्हाय. म्हणलं मंगळवारपातुर थांबावं, तुमच्याकडंच आणावं."

माझ्या अंगावर काटा आला. ट्रक बघून आला न्हवता एवढा. मी डोळं फिरवलं, केस सोडलं, मुद्दाम घुमले, ह्या वेळी ठरवून, आन वरडले, "दवाखान्यात न्हे! आत्ताच्या आत्ता! पिकअप काढ!" ह्यांनी गाडी काढली. पोरगं वाचलं. डाक्टर म्हणला, आजून एक दिवस गेला असता तर अवघड हुतं. गावात काय बोलत्यात? देवीनं वाचवलं, आता दवाखान्यात न्यायचं का न्हाय तेबी आधी आईलाच इच्यारायचं.

म्हंजी आता फुडच्या वेळी एखादी बाई चार दिवस थांबंल. नवसाला पावती म्हणून.

आन नवी चाकं? ती चारी भिताडाला लावून ठिवल्यात, हिरवं कापड गुंडाळून, कुकू लावून. हे रोज कापड वर करून बघत्यात, लहान लेकराच्या पाळण्यात बघावं तसं. काल जेवताना आत्यांना म्हणलं, "सव्वा म्हयना झाला. आईचा राग गेला असंल. येत्या मंगळवारी इच्यारू की, परत घालू का म्हणून." आत्या म्हणल्या, "इच्यारू." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरी मोडत हुते. मोडतच बसले.

परवा मंगळवार. पोरगीचा फुडचा डोस त्याच आठवड्यात.

सगळ्या बायांपुढं उभं राहून सांगावं की अंगात कायबी आलं न्हवतं, मी भ्याले हुते, तर उद्यापास्नं कुणी तापाचं लेकरू माझ्या मांडीवर आणणार न्हाय. पण मग हे हिरवं कापड काढणार, चाकं चढवणार, कटर आणणार, आन खोटारडी म्हणून मला त्याच गाडीत डाव्या बाजूला बसवणार, लेकीसकट. आन न्हायच सांगितलं, अजून एकदा घुमून पंधरा म्हणलं, तर माझी लेक वाचती, आन दुसरीची लेकरं माझ्या दारात मंगळवारची वाट बघत तापानं फणफणत्यात.

तुमी लई शिकल्यालं असाल, वाचताय म्हंजी शिकलाच असाल. मला शहाणपण शिकवू नगा, तेवढं मला हाय. फकस्त येवढं सांगा. तुमच्या मांडीवर तुमचं लेकरू असतं, फुडं हात जोडून न्हवरा साइज इच्यारत असता, आन दारात बाया असत्या, तर तुमी काय केलं असतं?