बुधवारी उडणारा फ्यूज

श्यूचिनबाईंनी तिएनफाला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेपासून खाली. उरलेला तिएनफा एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली गडप झालेला होता. त्या पायांशी बाई पाऊण तास बोलल्या, दोनदा भांडल्या, एकदा त्यांनी पायांना चहासुद्धा विचारला. तोंगकांग गावात बिनडोक्याचा इलेक्ट्रिशियन आहे, ही बातमी बाजारात सांगायला त्या निघणार, तेवढ्यात डोकं बाहेर आलं. टक्कल, कानामागे टेस्ट लॅम्प, आणि जगातली प्रत्येक वायर आपल्याला न विचारता जोडलीय असा चेहरा.

"फ्यूज कधी उडतो?" डोक्याने विचारलं.

"उडतो तेव्हा उडतो. मग माझ्या गाडीच्या ब्रेकचे दिवे लागत नाहीत. दोघा मेकॅनिकांनी फ्यूज बदलून दिला, बल्ब बदलले."

"फ्यूज ओरडून सांगतोय, आणि हे त्याचं तोंड बदलतायत. वार कुठला असतो?"

बाईंना राग आला. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण वार बघून फ्यूज उडतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आठवून पाहिलं तर मात्र दरवेळी बुधवारच. बुधवारी त्या माशाची पेज घेऊन डोंगरातल्या थोरल्या बहिणीकडे जात. तिकडची बस केव्हाच बंद झाली होती. बाईंची गाडी अठ्ठावीस वर्षांची. शुक्रवारच्या सरकारी तपासणीत दिवे लागले नाहीत, तर तैपेईत राहणारा त्यांचा मुलगा ती भंगारात घालणार होता. गाडी गेली की बुधवार गेला.

"डोंगरात धक्के बसतात," तिएनफा म्हणाला. "तार कुठेतरी सोलली गेलीय. हलली की पत्र्याला टेकते."

गाडीच्या मागच्या दिव्यापासून तो तारेचा माग काढत पुढे सरकू लागला.

"दाबा, बाई."

"दाबलाय, उस्ताद."

"ब्रेक दाबा म्हणालो. हॉर्न नाही."

एक तुकडा तपासला, निर्दोष निघाला, की तो त्याच्याकडे पुन्हा वळूनही बघत नसे. वर्गातल्या किती पोरांवरचा संशय आपण असा कायमचा सोडला, हे बाई मोजू लागल्या. फार नव्हती.

ब्रेकच्या पेडलच्या वर हात घालून तिएनफाने एक हिरवी पुडी ओढली. मग दुसरी. मग तिसरी. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून इकडे लोक मशीनवर ठेवतात, तोच मक्याचा खाऊ. तिएनफाच्या स्वतःच्या बॅटरी चार्जरवरही एक पुडी होती. मुलगा हसेल म्हणून बाईंनी त्या आत खुपसल्या होत्या, आणि जुनी काढली तर गाडी रुसेल म्हणून दरवर्षी नवीची भर घातली होती. तिन्ही पुड्या कुरतडलेल्या, रिकाम्या. शेजारची तारही कुरतडलेली.

तिएनफाने एक पुडी उलटी करून झटकली.

"मशीन शहाणंच राहिलं, बाई. उंदीर लाडावले."

"म्हणजे माझंच चुकलं."

"पुडीचं नाही चुकलं. जागा चुकली."

त्याने नवी तार जोडली, तिच्यावर जाड नळी चढवली. मग आपल्या चार्जरवरची पुडी उचलली, खाऊ मुदतीत आहे ना म्हणून तारीख वाचली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि डबा बाईंच्या गाडीच्या डिकीत ठेवला.

शुक्रवारी गाडी पास झाली. पुढच्या वर्षी थोरली बहीण नातवाकडे काओशुंगला राहायला गेली, आणि बाईंनी स्वतःच गाडी भंगारात दिली. वायरिंग शाबूत होतं.