पुस्तकांना घातलेली गुप्त यादी

नव्वद सालानंतर आमच्या कुष्ठरोग कार्यालयात कॉम्प्युटर आला आणि साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. भिंतीवर नियम टांगला: रोग्यांची नावं गुप्त ठेवावीत, खोलीला कुलूप असावं. नियमाप्रमाणे चालतं का, हे दर तीन महिन्यांनी तपासून लिहायचं काम माझं. मी साधा कारकून. बाप दुसऱ्याच्या शेतात राबलेला, म्हणून स्वतःच्या सहीचं मला भारी कौतुक.

तपासणी कसली डोंबलाची? चपला बाहेर काढायच्या, मशीनला लावलेल्या कुंकवाकडे बघायचं आणि कुलूप ओढायचं. किल्ली शेजारच्याच खिळ्याला, कारण शिपायाला सकाळी मशीनपुढे उदबत्ती लावायची असे. साहेब म्हणत, "नाम मशीन के पेट में है, बाहर कैसे आता?" काय ते ज्ञान. मी लिहायचो, "नियमाप्रमाणे." निघताना साहेब छपाईत चुकलेल्या कागदांचा गठ्ठा देत. पाठकोरा, रुंद, जाड कागद. शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायला एकदम फस्क्लास. मी तो काखोटीला मारून आणायचो आणि गल्लीत वाटून मोठेपणा मिरवायचो. छापील बाजू आत, कोरी बाहेर. आत काय छापलंय हे कोण बघतो?

शेजारच्या मुलीच्या पाठीवर चट्टा होता. आमच्याच कार्यालयाच्या गोळ्या खाऊन पुरती बरी झाली. मुधोळहून सोयरीक आली तेव्हा ती माझ्याकडे आली.

"काका, माह्यं नाव कोनाले दिसन का?"

"कुलपात हाय," मी ऐटीत म्हणालो.

पाहुण्यांत मुलाचा मामा होता, शाळामास्तर. चहा येईपर्यंत त्याने तिच्या धाकट्या बहिणीचं पुस्तक चाळलं आणि मास्तरी सवयीने कव्हरची घडी उलगडली. मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, रोग. सगळं ठळक इंग्रजी अक्षरांत. पाहुणे चहा न पिताच उठले.

दुसऱ्या दिवशी तिने ते कव्हर माझ्यापुढे ठेवलं. "काका, तुमीच तपासून राह्यले होते नं?" मला माझ्याच सहीची किळस आली.

पुढच्या तपासणीत मी लिहिलं, "नियम पाळला जात नाही." साहेबांनी वाचलं. कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो चुकलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.