शेवयांच्या डब्यातली पावती

माझी आई दरवेळी मतदानाला जायची, पण उभं कोण आहे हे तिला कधी धड ठाऊक नसायचं. तरीही आमच्या गावात निवडणुकीची वाट तिच्याइतकी दुसऱ्या कुणी पाहिली नसेल. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात. मी धुळ्याला देवपुरातल्या शाळेत शिकवत होते. सुटीत घरी गेले, की पाण्याचा तांब्या हातात देता देता ती विचारायची, "यंदा इलेक्शन कव्हय शे वं माय?"

"का गं, उभी राहतेस का?" मी चिडवायचे. ती हसायची आणि खुंटीकडे बघायची. खुंटीवर बंदूक टांगलेली असायची.

दोन नळ्यांची, परवान्याची बंदूक. रानडुकरं केळी आणि भुईमूग उकरून टाकतात म्हणून पीकसंरक्षणासाठी वडिलांना मिळाली होती, ते गेल्यावर भावाच्या नावावर झाली. निवडणूक जाहीर झाली, की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. निकालानंतर पावती दाखवली, की परत मिळत. मधले दीड-दोन महिने खुंटी रिकामी. त्या दिवसांत आईचा आवाज बदलायचा. भावाला ती टाकून बोलायची, शेतावर उशीर केला म्हणून झापायची. एरवी त्याचा पारा चढला, की ती तोंडाला कुलूप लावून बसायची.

भाऊ वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते, ज्याला ऐकायचं नसेल त्याने ऐकू नये. वडिलांच्या आजारपणात त्याने शाळा सोडली आणि मला मात्र सायकलच्या दांडीवर बसवून रोज तालुक्याच्या शाळेत पोचवलं. नोकरी लागल्यावर मला धुळ्याला सोडायला आला तो केळीचा अख्खा घड घेऊन. घडाचं तिकीट काढायला सांगितलं म्हणून कंडक्टरच्या गळ्याला हात घालायला निघाला, आणि अमळनेर येईपर्यंत त्याच कंडक्टरला डझनभर केळी खाऊ घालून मोकळा झाला. त्याचा राग म्हणजे दुधाचा ऊत. जळतं लाकूड ओढून घेतलं, की बसला खाली. लाकूड ओढायला कुणीतरी जवळ हवं, एवढंच.

शहाण्णव साली वर्तमानपत्रात एकामागून एक बातम्या आल्या. ब्रिटनमध्ये एका माणसाने शाळेत शिरून लहान लेकरं मारली. ऑस्ट्रेलियात एकाने सहलीला आलेली माणसं टिपली. मी शिक्षिका, माझं त्या लेकरांपाशीच मन अडकलं. मग दोन्हीकडे कायदे कडक होऊ लागले, ऑस्ट्रेलियात तर सरकार लोकांच्या बंदुका विकत घेऊन मोडून टाकतंय, असंही वाचलं. अमेरिकेत मात्र असं वरचेवर होतं आणि बंदुका दुकानात मिळतच राहतात. दिवाळीच्या सुटीत हे सगळं मी आईला सांगितलं. ती कुरडया तळत होती.

"कायमन्या जमा करी लिध्या?" तिने झारा थांबवून विचारलं.

"हो, कायमच्या."

"तठे इलेक्शन नसताना बी?" तिला हेवा वाटला, खरंच हेवा.

भाऊ ओसरीवरून ओरडला, "त्या देशना लोके येडा ऱ्हातीन. आपन शेतकरी मानसं. बंदूक काय करस? करस तो मानूसना राग."

आई हळूच म्हणाली, "राग बठ्ठासले येस, भाऊ. बठ्ठासना घरमा बंदूक नही ऱ्हास."

राग सगळ्यांनाच येतो, पण सगळ्यांच्या घरात बंदूक नसते, हे तिचं बोलणं मला फार आवडलं. शिक्षकांच्या खोलीत मी ते माझंच असल्यासारखं ऐकवलं. आवडणं आणि पटणं यात किती अंतर असतं, ते मला तेव्हा कळायचं होतं.

त्यानंतर दिल्लीतली सरकारं पटापट पडू लागली. लोक वैतागले, आई खूश. अठ्ठ्याण्णवच्या निवडणुकीला बंदूक जमा झाली, आणि निकालानंतर भाऊ आणायला निघाला, तर पावती नाही. त्याने घर उलटंपालटं केलं. आई म्हणाली, "माले काय म्हाईत." मी मे महिन्यात गेले तेव्हा तिने मला माळ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की पावती शेवयांच्या डब्यात आहे, कागदाखाली. "कोनलेच सांगजो नको." मी मान डोलावली.

आठवडाभर मी गप्प राहिले. पण भुईमूग काढणीला आला होता आणि डुकरं रोज दोन-चार वाफे फस्त करत होती. भाऊ रात्रभर पत्र्याचा डबा बडवून सकाळी घरी यायचा, डोळे लाल, तळहात सोललेले. एका सकाळी माझ्यासमोर मटकन बसला. "बाई, तू शिकेल शे. तूच सांग, मी काय करू?"

मला त्याची दया आली. आणि खरं सांगायचं तर आईची भीती मला अडाणीपणाची वाटली. रीतसर परवाना होता, ठाण्याच्या वहीत नोंद होती, काडतुसंसुद्धा ठरवून दिलेली. आपलं गाव काय अमेरिका आहे का? मी डबा खाली काढला, पावती त्याच्या हातात दिली. आई तेव्हा विहिरीवर गेली होती. संध्याकाळी खुंटीवर बंदूक दिसली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी थापायला बसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी धुळ्याला परतल्यावर, ते झालं. भाऊ सकाळी राखणीवरून परत येत होता, बंदूक खांद्याला. शेजारच्या शेतात, त्यांच्या झोपडीच्या अंगाला, चुलत भाऊ वखर हाकत होता. त्याला आम्ही नाना म्हणायचो, त्याच्या आईला काकू. नानाने दोघांच्या मधला बांध वीतभर कोरला होता. असा बांध आमच्याकडे दरवर्षी कोरला जातो, दरवर्षी शिव्या होतात, पोळ्यापर्यंत पुन्हा बोलणं सुरू होतं. भावाच्या हातात काठी असती तर नानाचं डोकं फुटलं असतं, चार टाके पडले असते, पंचांनी बसून मिटवलं असतं. भावाने बंदूक खांद्यावरून काढली. वहिनी, नानाची बायको, न्याहारी घेऊन आली होती. ती दोघांच्या मध्ये धावली. दोन नळ्या, दोन बार. नाना आणि वहिनी, दोघंही बांधावरच गेले.

ही वहिनी म्हणजे, मी आलेय हे कळलं, की ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकर पदराखाली झाकून आणणारी. शेवटच्या खेपेलाही आणली होती. निघायच्या घाईत मी अर्धीच खाल्ली.

पोलिसांनी सगळे कागद तपासले. परवाना चालू होता, पावतीवर बंदूक रीतसर परत दिल्याचा शिक्का होता. कुठे खोट म्हणून निघाली नाही.

भावाला जन्मठेप झाली. तुरुंगात भेटायला गेले, तेव्हा तो जाळीपलीकडून पायांकडे बघत म्हणाला, "बाई, झोपडीना दारमा काकू हुभी व्हती. कडेवर नानाना पोऱ्या. मी तिकडे बी बंदूक धरी. आखो काडतूस ऱ्हातं तं..." आणखी एक काडतूस असतं तर काय झालं असतं, ते मला ऐकवलं नसतं.

तेव्हापासून कुठल्या देशात असं काही झालं, की शिक्षकांच्या खोलीत वाद सुरू होतो. कायद्याने का खून थांबतात, ज्याला मारायचं तो विळ्यानेही मारेल. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण त्या वादात गप्प बसते. कायद्याने माझा नाना वाचला नाही, वहिनी वाचली नाही. पण त्याच कायद्याने शेतकऱ्याला दोनच नळ्यांची बंदूक मिळते, म्हणून काकू आणि ते लेकरू वाचलं. तीच बंदूक जमा होती, तेव्हा सगळेच जिवंत होते. आईला हे देशांची तुलना न करता कळत होतं. मला तुलना येत होती, तरी कळलं नाही.

नव्व्याण्णव साली पुन्हा निवडणूक लागली. मी घरी गेले होते. लाऊडस्पीकरची रिक्षा गल्लीतून ओरडत गेली. आई तांदूळ निवडत होती. या वेळी तिने निवडणुकीचं काही विचारलं नाही. खुंटीवर आता भावाचा सदरा होता. वर्षभरात तिने मला एका शब्दाने बोल लावला नव्हता, आणि माझ्याने ते सहन होईना.

"माय, पावती मी दिली त्याला," मी म्हणाले.

तिने सुपातून डोकं वर काढलं नाही. एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"म्हाईत शे," ती म्हणाली. "मी फक्त तुलेच सांगेल व्हतं."