अण्णांचा उलटतपास

आमच्या अण्णांना थोडक्यात बोलता येत नाही. किती वाजले विचारलं, तर घड्याळ कुठल्या जत्रेत घेतलं तिथून सुरुवात. अशा माणसाचा धाराशिवच्या दिवाणी कोर्टात उलटतपास होणार होता. तयारी करून घ्यायचं काम आमच्या वकिलांनी माझ्यावर टाकलं, कारण मी शाळेत शिकवते.

दावा बेंबळीच्या शेताच्या वाटेचा. आजोबांच्या काळापासून आम्ही अण्णांच्या चुलतभावाच्या रानातून ये-जा करत आलो. बांधावरून एकदा बोलाचाली झाली आणि काकांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. वर कोर्टात लिहून दिलं, की इथं वाट कधी नव्हतीच. दुसरा रस्ता ओढ्यातला, तिथं चिखलात गाडी रुतते. वाट गेली असती तर सोयाबीन डोक्यावरून काढावं लागलं असतं.

"विचारलं तेवढंच बोलायचं," वकील म्हणाले होते. "हो, नाही, नाहीतर आठवत नाही. बास."

आठ दिवस मी समोरचा वकील झाले. "तुमचं शेत बेंबळीला आहे?"

"व्हय. आमच्या आज्यानं तिथं हीर पाडली, तवा..."

मी पट्टी आपटायचे. आई आतून म्हणायची, "चाळीस वर्षांत मला जमलं न्हाय, तुला काय जमतंय?" पण जमलं. इतकं, की कालवणात मीठ बरोबर झालंय का असं आईनं विचारलं, तर अण्णा जेवता जेवता म्हणाले, "आठवत न्हाय."

तारखेदिवशी मी कोर्टाच्या फाटकाशी उभी, आणि अण्णा आले ते काकांच्याच मोटरसायकलवर मागं बसून. माझं डोकं फिरलं. पण दर तारखेला हे असंच चालायचं. गाडी काकांची, भाकरी आमची, आणि जेवण दोघांचं लिंबाखाली.

पिंजऱ्यात अण्णा नमुनेदार बोलले. शेवटी काकांच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही ओढ्याच्याच रस्त्यानं शेतात जाता-येता ना?"

"न्हाय."

"आज शेतातून आलात तेही ओढ्यानंच?"

"न्हाय."

इथं त्यांनी थांबायला हवं होतं. "मग कसे आलात?"

"वाटेनं."

"तिथं तर काट्या आहेत म्हणता."

"काढल्या."

"कुणी?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. आठवत नाही म्हणावं, तर गोष्ट सकाळचीच. "ह्यानंच," ते काकांकडं बोट करून हळूच म्हणाले. "मला न्यायला आला व्हता."

मागच्या बाकावरून काका उठले. "पर येताना परत लावल्या की," ते आपल्या वकिलांना म्हणाले. वकिलांनी डोळे मिटले.

दुपारी लिंबाखाली दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले. मला वाटलं, आता हे दोघं जन्माचे तुटले, आणि मनातून वाईट वाटलं. तेवढ्यात काका म्हणाले, "भाकरी आणलीय का न्हाय?" अण्णांनी फडकं सोडलं. जेवल्यावर काकांनी गाडीला किक मारली. "बस. पर वकिलानं सांगितलंय, आता ओढ्यानंच जायचं."

अण्णा म्हशीची धार काढून दिवेलागणीला शेतातून घरी आले. धोतरावर चिखलाचा ठिपका नव्हता.

"कुठल्या वाटेनं गेलात अण्णा?" मी विचारलं.

"आठवत न्हाय."

"आणि काट्या? परत लावल्या काकांनी?"

"न्हाय," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यांनी आणखी बोलावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.