रिकाम्या स्टेडियममधला ऑफसाइड

लिहायला बसलो आहे, पण तो माझा प्रांत नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याआधी घरात लिहिणं म्हणजे अर्ज भरणं, तेही दुसऱ्याकडून. त्यात मी पुरता रेफरीसुद्धा नाही. मी लाइनमन. हल्ली आम्हाला असिस्टंट रेफरी म्हणतात, झेंडा मात्र तोच आहे. तरीही एका मॅचमधलं एखादं मिनिट सांगावंसं वाटतं. कुठे जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

तर, माझा झेंडा वर होता. चेंडू जाळ्यात पडला होता. झेंडा बघून रेफरीने शिट्टी मारली होती आणि गोल रद्द झाला होता. नेमकं तेव्हा मला वाटलं की आपण चुकलो.

मॅच पेडणे तालुक्यातल्या एका स्टेडियममध्ये होती. कोविडमुळे त्या मोसमात प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. हजारो खुर्च्या आणि गॅलरीत मोजून सहा माणसं. मी साखळीहून निघालो तेव्हा आई म्हणाली होती, "बघूक कोण नाय, मगे खेळतत कोणासाठी?"

त्या सहांपैकी एक होते गांवकर सर. निवृत्त पीटी मास्तर, आता असेसर. असेसर म्हणजे रेफरींची परीक्षा घेणारा माणूस. तो वर बसतो आणि आमचा प्रत्येक निर्णय लिहून ठेवतो. राज्याच्या पॅनलवर जायचं तर अशा तीन मॅच पास व्हाव्या लागतात. माझ्या दोन झाल्या होत्या. ही तिसरी. नापास झालो तर तिन्ही पुन्हा, पुढच्या वर्षी. पॅनलवर गेलो तर राज्यातल्या मोठ्या मॅच मिळणार होत्या. तोवर मी गावातला झेंडेवाला.

गावच्या मैदानावर लाइनमनचं काम कसं असतं ते सांगायला हवं. लोक रेघेला चिकटून, आपल्या पाठीला पोट लावून उभे असतात. चुन्याची रेघ त्यांच्या चपलांनी पुसून जाते. झेंडा वर गेला की कानाशी आवाज येतो, "रे, डोळे घरा दवरून आयला?" नाही गेला तर डोळे घरी ठेवून आलास का, हे दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात. त्या गोंगाटात चार वर्षं काढल्यावर रिकामं स्टेडियम मला देवळासारखं वाटलं. खेळाडूंचा श्वास ऐकू येत होता. गोलकीपर स्वतःशी पुटपुटत होता तेही कळत होतं. मी खूश होतो.

आता ऑफसाइड, शक्य तितकं सोपं करून. पुढच्या खेळाडूला पास दिला जातो, त्या क्षणी तो खेळाडू समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढे असेल तर ऑफसाइड. शेवटचा बहुतेक गोलकीपरच असतो. त्या क्षणी म्हणजे पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तेव्हा. नंतर तो कितीही पुढे धावला तरी चालतं. अडचण अशी की पाय मैदानाच्या एका टोकाला लागतो आणि धावणारा असतो दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकदम बघता येत नाही. म्हणून रेफरींच्या कोर्समध्ये शिकवतात, नजर बचावाच्या रांगेवर ठेवा आणि कान चेंडूवर. 'थप' ऐकू आलं की रांगेचा फोटो डोक्यात काढा.

गावात थप ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पास देणाऱ्याचा पाय चोरून बघायची सवय लावून घेतली होती. पेडण्याला ती सवय मी सोडली. इतका स्पष्ट आवाज येत असताना चोरून कशाला बघायचं?

पहिला हाफ मस्त गेला. चार ऑफसाइड, चारही बरोबर. सर वरून काहीतरी लिहीत होते आणि मला त्यांचं लिहिणंसुद्धा आवडायला लागलं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये पांढऱ्या टीमच्या सहा नंबरने पलीकडच्या टचलाइनजवळून, म्हणजे समोरच्या कडेच्या रेघेजवळून, मधल्या रेघेच्याही मागून, माझ्या बाजूला लांब पास दिला. थप ऐकलं. फोटो काढला. सात नंबर एक पाऊल पुढे होता. त्याने चेंडू घेतला आणि गोल मारला. अशा वेळी झेंडा घाई करून वर न्यायचा नाही, थोडं थांबायचं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी थांबलो आणि चेंडू जाळ्यात गेल्यावर झेंडा वर नेला.

पांढऱ्या टीमने डोक्याला हात लावले. सहा नंबर अजून पलीकडेच होता. त्याच्या पायाशी बाकावरचा जादा चेंडू होता, तो त्याने रागाने गॅलरीच्या भिंतीकडे हाणला. मी सहज बघत होतो. पाय लागलेला दिसला. मग थप आलं.

मग. एकदम नव्हे.

आमच्या गावासमोरच्या डोंगरावर खाण चालू होती तेव्हा आम्ही अंगणातून सुरुंग बघायचो. आधी धूळ उठायची, मग धडाका यायचा. वडील टिपर चालवायचे. ते सांगायचे, धूळ दिसली म्हणजे काम झालेलं असतं, आवाज नुसता मागाहून येतो. मी बीएस्सीला फिजिक्स घेतलंय. आवाजाचा वेग परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण मैदानात तो वेग लागतो हे डोक्यातच आलं नव्हतं. सहा नंबर माझ्यापासून पाऊणशे मीटरवर होता. तिथून थप यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात जीव तोडून धावणारा माणूस दीड मीटर पुढे सरकतो, आणि ऑफसाइड काढायला बाहेर येणारा बचाववाला उलट्या दिशेला. थप ऐकू आलं तेव्हा सात नंबर एकच पाऊल पुढे होता. म्हणजे पाय लागला तेव्हा तो मागे होता. गोल बरोबर होता.

नियम असा आहे की चेंडू आत गेल्यावर शिट्टी झाली असेल तर रेफरी निर्णय बदलू शकतो, पण खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच. ऑफसाइडनंतर समोरच्या टीमला फ्रीकिक मिळते. ती मारली की विषय संपला. गोलकीपर चेंडू ठेवत होता.

मी वर बघितलं. सरांचं पेन हातात होतं. गप्प राहिलो तर काय होईल? त्यांनाही कदाचित तसंच ऐकू आलं असेल. हे मी खरंच मनात म्हटलं, लपवत नाही.

"मिंगेलबाब," मी हाक मारली.

मिंगेल आमचा रेफरी. म्हापशाचा, पाणी खात्यात नोकरीला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. माझी हाक समोरच्या गॅलरीला आपटून परत आली. बावीसच्या बावीस खेळाडू वळले. मिंगेलने गोलकीपरला हाताने थांबवलं आणि धावत माझ्याकडे आला.

"कितें जालें?"

"गोल आहे. ऑफसाइड नव्हता."

"आनी झेंडो?"

"आवाजावर दिला. आवाज उशिरा पोचला."

"शंबर टक्के?"

"शंभर टक्के."

"वयर सर बसल्यात."

"माहीत आहे."

"बरें," म्हणाला, आणि वळून त्याने मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल.

निळ्या टीमचा कोच बाकावरून उठला. "झेंडो आतां दोन फावटी मारूंक मेळटा? ह्या भुरग्याक विचारून गोल दितात?" एकच झेंडा दोनदा कसा, पोराला विचारून गोल कसा, असं तो आणखी बरंच बोलला. मिंगेल त्याच्याजवळ गेला आणि शांतपणे म्हणाला, "कोच, आज लोक ना. सगळें वयर मेरेन आयकूं येता." कोचने वर गॅलरीत सरांकडे बघितलं. उरलेल्या शिव्या त्याने कुजबुजत दिल्या.

मॅच पांढऱ्या टीमने त्याच गोलवर जिंकली. राहिलेला वेळ मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघूनच काढला.

ड्रेसिंग रूममध्ये सर वही घेऊन आले. मास्क नाकावर नीट केला आणि खुर्ची ओढून बसले.

"कानाने ऑफसाइड बघायला कोणी शिकवलं?"

"कोर्समध्ये, सर."

"कोर्स कोणी घेतला?"

"तुम्ही."

मिंगेल खाली वाकून बुटाची नाडी सोडत बसला. ती नाडी सुटायला बराच वेळ लागला.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मी पण गावच्या मैदानावरच वाढलो रे. मला थप कधी ऐकूच आलं नाही. पुस्तकात होतं, ते तुम्हाला सांगितलं."

"मग त्याचे मार्क?" मिंगेलने खालूनच विचारलं.

"मार्क मार्कांच्या जागी," सर म्हणाले आणि वही मिटून निघून गेले.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे आणि तो नव्या मुलांना न घाबरता सांगतो. जवळची किक ऐकावी, लांबची बघावी. स्टेडियम जितकं शांत तितकं डोळ्यांनी जास्त काम करावं, कारण शांततेत आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं.

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका दुपारी मी कॉलेजच्या लॅबमध्ये असताना मिंगेलचा फोन आला. "तुजें नांव आयलां. सगळ्यांत सकयल, पूण आयलां." पॅनलच्या यादीत अगदी खाली, पण मी होतो. संध्याकाळी त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला. सरांच्या अक्षरात दोन शेरे होते. पहिला, 'लांबच्या पासवर चुकीचा झेंडा. खेळ सुरू होण्याआधी स्वतः दुरुस्त केला.' त्यापुढे कापलेला मार्क, एक. दुसरा, 'मैदानात रेफरीला नावाने हाक मारली.' त्यापुढे, दोन.