शेकोटी आणि सबवूफर

मलकापुरात माझ्या दुकानामागच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं, की त्या धुराबरोबर मला मी काम केलेली पहिली गाडी आठवते. सुट्टीवर आलेल्या फौजी चुलतभावाची. तिच्यात मी सबवूफर, म्हणजे ठोक्याचा जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर, आणि अॅम्प्लिफायर बसवला होता. पोरीनं असलं, गाड्यांत स्पीकर बसवायचं दुकान टाकायला आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साफ ना होती.

अंगणात गाडी उभी करून गाणं लावलं, तर आवाज नुसता पोकळ. अॅम्प्लिफायरचं बटण कितीही फिरवलं तरी ठोका छातीवर येईना. आण्णा हलगी वाजवणारे; तिचं कातडं सैल पडलं, की विस्तवावर शेकून ताणायचे. म्हणाले, "कातडं सैल पडलंय. शेकाय पायजे." आणि खरंच पाचट पेटवून सबवूफर उचलायला आले!

"आण्णा, हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. घरात त्यांच्याशी असं कुणीच बोलत नसे. गाडीच्या दारांतले स्पीकर हवा बाहेर ढकलत होते, त्याच वेळी माझा सबवूफर ती आत ओढत होता, म्हणून ठोका मरत होता. मी त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली.

गाणं लागलं आणि ओसरीवरच्या कळश्या थरथरल्या.

तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. आता वाटतं, दुखणं बटणात नाही, सबवूफरमध्ये आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, औषध तेवढं हलगीचं होतं.

आण्णांनी आतून हलगी आणली, त्याच शेकोटीवर तापवली आणि गाण्याबरोबर वाजवू लागले. ठोका न चुकवता म्हणाले, "मग दुकान कवा टाकतीस?"