जमीन लांब गेली

पौषातला रविवार. मी खुर्चीवर बसून मटार सोलत होते. ताटली कलंडली आणि दाणे फरशीभर पसरले. भरलेली बादली उचलताना खुब्याचा स्नायू ताणला गेला, त्याला दोन महिने झाले. अजून मला खाली वाकता येत नाही. माझे यजमान उकिडवे बसून दाणे गोळा करू लागले.

"तू आता महाराणी. खुर्चीवरून हुकूम सोड."

"सोडते. आधी सोफ्याखाली हात घाला."

ते हसले आणि गुडघ्याला हातही न लावता उठले. मी बघत राहिले. आपलं अर्धं घर जमिनीवरच असतं. रांगोळी तिथे, भाजी निवडणं तिथे, रांगतं मूल तिथे. तिथवर पोचता आलं नाही, तर मी या घरात नुसती ठेवलेली वस्तू. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. तो केव्हाच संपला. पाय असाच राहणार, ही भीती व्यायाम करतानाही सोडत नाही.

इतके दिवस गाऊनवर भागवलं, कारण सलवारीत पाय घालता येत नाही आणि दुसऱ्याकडून घालून घ्यायची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर सलवार हातात घेऊन दार किलकिलं केलं आणि म्हटलं, "अहो, जरा आत या."